समुद्राखालच्या पाइपची नाडी



हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि पुढे गाडीच्या पत्र्यावर तांबूस डाग दिसू लागतात, हे तुम्ही पाहिले असेल. मीठ, पाणी आणि हवा एकत्र आली की लोखंड लवकर गंजते. मग जो पोलादी पाइप वर्षानुवर्षे खाऱ्या समुद्राच्या तळाशी पडून असतो, त्याचे काय होत असेल?

असे पाइप आपल्या मुंबईजवळ आहेत. 1974 साली मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात, 'बॉम्बे हाय' येथे तेल सापडले. 1978 पासून ते समुद्रतळावरच्या पाइपमधून उरणला येऊ लागले. मे 1993 मध्ये तिथला एक पाइप फुटला आणि तेलाचा तवंग मुरूडच्या किनाऱ्याकडे गेला. पाइप फुटण्याची कारणे अनेक असतात. गंज हे त्यांतले एक. तेल सांडले की मासे, पक्षी आणि कोळी बांधव, सर्वांचेच नुकसान होते.

म्हणून पाइपला बाहेरून लेप देतात. पण लेप कुठेतरी खरवडला जातोच. त्यासाठी पाइपवर ठरावीक अंतराने जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जाड बांगड्या बसवतात. त्यांना 'अ‍ॅनोड' म्हणतात. हे धातू पोलादाच्या आधी झिजतात. स्वतः झिजताना ते पाइपला सूक्ष्म वीजप्रवाह पुरवतात आणि त्यामुळे पाइप वाचतो.

ही युक्ती जुनी आहे. 1824 साली हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचवण्यासाठी त्याला लोखंडाचे तुकडे जोडले. कोचीनला बांधलेले 'समारंग' जहाज असे तुकडे लावून नोव्हा स्कोशियाला, म्हणजे आजच्या कॅनडात, आले आणि परत गेले. तांबे बहुतेक शाबूत राहिले!

पण बांगड्या काम करतात की नाही, हे कसे कळणार? जहाजावरून कॅमेरा लावलेले यंत्र खाली सोडतात. त्याची टोकदार सळई पाइपला टेकवून विजेचा दाब मोजतात. चांदीपासून केलेल्या एका ठरावीक मापकाशी तो ताडून पाहतात. आकडा उणे 800 मिलिव्होल्ट किंवा त्याहूनही खाली, समजा उणे 950, आला तर पाइप सुरक्षित. उणे 650 आला तर तिथे पाइप गंजत असण्याची शक्यता असते.

आता एक गंमत. बांगडी अर्धी झिजलेली दिसली तर तपासनीस खूश होतात, कारण ती काम करते आहे. पण जुन्या पाइपवरची बांगडी नवी कोरी दिसली, तर त्यांना शंका येते: तिची जोडणी तुटली तर नाही ना?

अशीच एक सळई तुमच्या बेसमेंटमधल्या गरम पाण्याच्या टाकीतही बहुधा असेल. ती काही वर्षांनी तपासावी लागते. पालकांनी हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

घरी करून पाहा: दोन ग्लासांत मिठाचे पाणी घ्या. दोन्हींत एकेक साधा लोखंडी खिळा टाका. एका खिळ्याला जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळा. आठवड्याने काय दिसते ते वहीत मराठीत लिहून वर्गात आणा.

शब्दार्थ: तवंग – पाण्यावर पसरलेला तेलाचा थर. शाबूत – न बिघडलेले. ताडून पाहणे – तुलना करणे.