दारू सरकारी, म्हणून सौम्य?

तमिळनाडूतलं तिरुवैयारु म्हटलं की आपल्याला संगीतकार त्यागराजांची समाधी आठवते. तिथे कुणाच्या पिशवीत गांजा सापडला तर गुन्हा दाखल होतो. दारूची किरकोळ विक्री मात्र २००३ पासून तमिळनाडूभर सरकारचं ‘टास्माक’ महामंडळच करतं. मग ‘दारू ड्रग्जपेक्षा बरी, नाहीतर सरकारने विकली असती का?’ असं लोकांना वाटतं. गंमत म्हणजे तिथल्या बाटलीवरच तमिळमध्ये इशारा असतो: दारू देशाला, घराला, जिवाला घातक.

देश, घर आणि जीव ही वर्गवारी चोख आहे. २०१० मध्ये संशोधक डेव्हिड नट आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २० नशेच्या पदार्थांना हानीचे शंभरपैकी गुण दिले, तेव्हा जिवाचं नुकसान वेगळं मोजलं आणि इतरांचं वेगळं. बेरजेत दारू ७२ गुणांनी पहिली, हेरॉइन ५५. पण सेवन करणाऱ्याच्या जिवापुरतं पाहिलं तर हेरॉइन, क्रॅक कोकेन आणि मेथॲम्फेटामिन दारूच्या वर गेले. दारू पुढे आली ती मारहाण, अपघात आणि मोडलेल्या संसारांमुळे. हे गुण तज्ज्ञांनी ब्रिटनची परिस्थिती धरून चर्चेतून ठरवलेले. त्यातून ‘म्हणजे हेरॉइन चालेल’ असा अर्थ काढणाऱ्याला काय म्हणावं!

‘दारू पिणारे बहुतेक सांभाळून पितात, ड्रग्जवाले मात्र वाया जातात’ हाही समज पक्का आहे. एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणारे सुमारे १६ कोटी, त्यांतल्या ५.७ कोटींना मदतीची गरज. अफूवर्गीय पदार्थ घेणारे सव्वादोन कोटी, मदतीची गरज ७७ लाखांना. दोन्हीकडे साधारण तिघांत एक.

कायद्याच्या रेषेचं म्हणाल, तर एकाच झाडाचे शेंडे गांजा म्हणून १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात बसतात, नुसती पानं, म्हणजे भांग, बसत नाहीत.

सर्वांत घातक समज मात्र घरोघरी असतो: दारू काय, मनावर घेतलं की सुटते. हेरॉइन सुटताना माणूस तळमळतो, पण त्याने सहसा मरत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर आधी हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भास आणि भ्रम. उपचार न मिळाल्यास जीव जाऊ शकतो. अशाला खोलीत कोंडून ‘सुधरवू’ नये. दवाखान्यात औषधांच्या आधाराने ती उतरवतात आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी किंवा सोबतच ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, कारण ते कमी असताना नुसतं ग्लुकोज मेंदूला इजा करू शकतं.