आधी जनुक, मग स्टेरॉइड

मुंबईतल्या नायगावच्या जुन्या बीडीडी चाळी तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या. अशा जिन्यावर ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी चार-पाच वर्षांच्या मुलात लवकर नजरेत येते. पोरगा कठडा धरून ओढत वर चढतो, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतो. पोटऱ्या मात्र भरदार, म्हणून घरचे निर्धास्त!

या आजारात एक्स गुणसूत्रावरच्या जनुकातल्या दोषामुळे डिस्ट्रोफिन हे प्रथिन बनत नाही. ते 1987 मध्ये ओळखलं गेलं. त्याच्याविना स्नायुपेशीचं आवरण आकुंचनाच्या ताणानं फाटतं, आतला ऐवज रक्तात सांडतो आणि सीपीके या स्नायूतल्या विकराचा आकडा हजारांत जातो. हा जनुकाचा दोष. पुढची बरीचशी नासधूस मात्र शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती करते.

एरवी स्नायूला इजा झाली, की पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांतल्या मॅक्रोफेज पेशी आधी मोडतोड साफ करतात, मग स्वभाव पालटून नव्या धाग्यांच्या वाढीला हातभार लावतात. ड्युशेनमध्ये रोजच नवी इजा. एक खड्डा बुजतोय तोवर शेजारी दुसरा खणलेला, अशी गत. सफाई आणि बांधणी एकाच वेळी चालते, दाह शमत नाही आणि स्नायूच्या जागी व्रणऊती नि चरबी साठते.

म्हणूनच इथे स्टेरॉइड उपयोगी पडतं. प्रेडनिसोनमुळे मुलांची ताकद वाढते, हे 1989 च्या चाचणीत दिसलं. जनुक दुरुस्त होत नाही, पण चालणं काही वर्षं अधिक टिकतं. दुष्परिणाम कमी असावेत म्हणून घडवलेल्या व्हॅमोरोलोनला अमेरिकेत 2023 मध्ये मान्यता मिळाली.

पण स्नायूत दाह दिसला की स्टेरॉइड द्यावं, असं समीकरण मांडणं घातक आहे. डिसफर्लिन या प्रथिनाच्या अभावानं होणारा आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. बायोप्सीत दाहाच्या पेशी दिसतात, पॉलिमायोसायटिस या स्नायुदाहाचं निदान होतं आणि तरुण महिनोन् महिने स्टेरॉइड घेत राहतो. जर्मनीतल्या डेफ्लाझाकॉर्ट या स्टेरॉइडच्या चाचणीत (2013) अशा रुग्णांना फायदा झालाच नाही. उलट ताकद घटण्याकडे कल दिसला. लखनौचे डॉ. सुनील प्रधान यांनी 2008 मध्ये एक साधी खूण नोंदवली: गुडघे किंचित वाकवून उभं राहिल्यावर मांडीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा उंचवटा येतो. नुसत्या नजरेला दिसणारी ही खूण बायोप्सीपेक्षा आधी शंका जागवू शकते.

खात्री जनुकचाचणीनंच होते. नायगावपासून जवळच, परळला, केईएम रुग्णालय 2021 च्या दुर्मीळ आजार धोरणाखालचं उत्कृष्टता केंद्र आहे. ड्युशेनच्या मुलाला स्टेरॉइड सुरू करण्याआधी कांजिण्यांच्या लशीसारख्या जिवंत लशी उरकून घ्याव्या लागतात. क्षयरोगही तपासावा लागतो, कारण दबलेला क्षय या औषधानं उसळू शकतो आणि मुंबईत तो धोका खराच आहे. दीर्घकाळ चाललेलं स्टेरॉइड एकाएकी बंद करणं तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच मुलाला उलट्या होऊन गोळी पोटात ठरत नसेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं.