मंडईच्या परिसरातील वनस्पतिरूप शिल्प : सुरूचा खांब आणि केळफूल

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत केळफूल भाजीच्या गाळ्यावर विकावयास असते. तेथून थोडे चालून विश्रामबागवाड्यासमोर उभे राहिल्यास तेच केळफूल सागवानात कोरलेले आढळते. या परिसरातील तुळशीबाग, बेलबाग व विश्रामबाग ही नावे बागांची आहेत. बागा गेल्या, नावे उरली. आणि बागेचे रूप काही अंशी लाकडात उरले.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दुसऱ्या बाजीरावाने बांधविलेल्या या वाड्याच्या दर्शनी सज्जाचे खांब 'सुरूचे' म्हणून ओळखले जातात. हे नाव ऐकताच आज आपल्या मनापुढे कोकणकिनाऱ्यावरील खडशेरणीची झाडे उभी राहतात. परंतु येथे अभिप्रेत आहे तो फारसी 'सर्व' वृक्ष, इराणी व मोगल उद्यानांचा मानकरी. मोगल वास्तूंतून हे रूप मराठी वाड्यात आले. तळाशी पर्णगुच्छातून उगवलेला हा खांब किंचित फुगून वर निमुळता होत जातो. सुरूची हुबेहूब प्रतिकृती करण्याचा सुताराचा हेतू नव्हता. झाडाची वाढ तेवढी त्याने उचलली.

केळफुलाचे कार्य याहून सूक्ष्म आहे. खांबाच्या माथ्यापासून पुढे आलेला हस्त तुळईचा भार खांबाकडे वळवितो. त्याचे टोक तसेच सोडले तर ते तोडल्यासारखे भासेल. तेथे अधोमुख केळफूल लोंबविले की रेषा स्वाभाविकपणे संपते, कारण घडाच्या टोकाशी खाली झुकणे हाच त्या फुलाचा धर्म होय. निसर्गरूपाची निवड येथे स्थानावरून झालेली आहे. ते रूप नुसते सुंदर असल्याने भागले नसते.

लाकडातील ही बाग अर्थातच नाशवंत. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचे लाकूडकाम भस्मसात झाले; सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे मात्र राहिले. १८७९ मध्ये विश्रामबागवाड्याचा पूर्वेकडील भागही जळाला व तो पुन्हा उभारावा लागला.

तथापि आजचा धोका आगीचा नाही. जुने वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे कोरीव खांब सुटे विकले जातात आणि उपाहारगृहांच्या अंगणांत व बंगल्यांच्या बागांत 'शिल्प' म्हणून उभे केले जातात. खांब वाचतो, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु तळखड्यावरून उचललेल्या व तुळईवाचून उभ्या असलेल्या खांबाच्या केळफुलाला टेकावयास काही उरत नाही. घारापुरीच्या दगडी हत्तीचे असेच झाले. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' हे नाव दिले. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत तो भंगला, आणि १९१४ मध्ये जोडून मुंबईच्या राणीच्या बागेत ठेवला गेला. नाव बेटावर राहिले, हत्ती बागेत आला.

तेव्हा असा सुटा खांब उद्यानात मांडावयाचाच झाला, तर त्याच्यासह तळखडा, हस्त व तुळईचा निदान एक तुकडा मांडावा, आणि मूळ वाड्याचा खण किती रुंद होता ते पाटीवर लिहावे. वाडा पाडण्यापूर्वी ही मापे घेणे विद्यार्थ्यांना एका दुपारचे काम आहे; नंतर ती घेता येत नाहीत.