‘अलबेला’च्या आधीचे भगवानदादा

ठाण्यात, कल्याणात किंवा डोंबिवलीत गणपतीची मिरवणूक रंगात आली, की एखादा तरी गडी हात कोपरात दुमडून सावकाश झुलू लागतो. हे नाचणं भगवानदादांचं, हे कुणाला सांगावं लागत नाही. १९५१च्या ‘अलबेला’ने ते घरोघरी नेलं. पण त्याआधीचे भगवानदादा आपण जवळजवळ विसरलो, आणि मला तेच जास्त मोठे वाटतात.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३चा, अमरावतीचा. वडील गिरणी कामगार. स्वतः दादांनीही मजुरी केली. मूकपटांत छोटी कामं मिळाली आणि स्टुडिओत वावरता वावरता ते चित्रपटाचा सगळा धंदा शिकले. १९३८ साली चंद्रराव कदमांच्या जोडीनं त्यांनी ‘बहादुर किसान’ दिग्दर्शित केला. पुढं १९४९पर्यंत मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांची रांगच लागली. मधेच १९४१ साली ‘वन मोहिनी’ हा तमिळ चित्रपटही केला!

स्वस्त म्हणजे किती? ६५ हजार रुपयांत अख्खा चित्रपट. दिग्दर्शन दादांचं, बऱ्याचदा भूमिकाही त्यांचीच. शिवाय कपडे कसे असावेत, मंडळींच्या जेवणाचं काय, हेही तेच बघत. त्याच सुमारास अमेरिकेत ‘रिपब्लिक’सारख्या कंपन्या काऊबॉयचे चित्रपट असेच झटपट उरकत होत्या. तिथला नायक घोड्यावरचा, पिस्तुलात तरबेज. दादा मात्र बहुधा भोळाभाबडा माणूस रंगवत. पिटात बसणाऱ्या कामगाराला तो आपल्यातला वाटला, यात नवल नाही. त्या प्रेक्षकाला कमी लेखण्याची आपली सवय मला खटकते. दिवसभर राबून त्यानं तिकिटाला पैसे मोजले, म्हणून हे चित्रपट उभे राहिले.

या कामात दुखापतीही होत. १९४२ साली एका प्रसंगात दादांनी ललिता पवारांना मारलेली थप्पड जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, उपचार काही वर्षं चालले आणि डाव्या डोळ्यातलं व्यंग कायमचं राहिलं. पुढं खाष्ट सासू म्हणून त्या अजरामर झाल्या खऱ्या. पण नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथंच संपली, हे विसरता येत नाही.

१९४२मध्येच दादांनी ‘जागृती पिक्चर्स’ काढली, १९४७ साली चेंबूरला स्टुडिओ उभारला. सामाजिक चित्रपट काढा, हा राज कपूरचा सल्ला त्यांनी मानला आणि सी. रामचंद्रांच्या संगीतानं नटलेला ‘अलबेला’ आला. तसं यश पुन्हा लाभलं नाही. जुहूचा बंगला गेला, मोटारी गेल्या. दादा दादरच्या चाळीत राहिले. ४ फेब्रुवारी २००२ रोजी ते गेले. २०१६ साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्याचंही नाव ‘एक अलबेला’.

त्यांचे स्टंटपट आज बघायला मिळणं दुर्मीळ. म्हणून ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या वाचकांना विनंती: आजोबांच्या ट्रंकेत जुनं पोस्टर, जाहिरातीचा कागद किंवा गाण्यांची चोपडी सापडली, तर रद्दीत घालू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला आधी कळवा.