छायाचित्राच्या दुरुस्तीतील थर

निपाणीच्या आमच्या पेढीवर आजोबांचे एकच छायाचित्र होते. ते संगणकावर उतरवून एका कारागिराकडे सोपविले. त्याने मूळ चित्रावरच रंग फिरवून भेगा बुजविल्या व तेच जतन केले. कपाळावरचा व्रणही त्यात नाहीसा झाला. त्यास ती भेगच वाटली असावी. कागदी प्रत पुढे वाळवीने खाल्ली.

'लेयर' म्हणजे थर वापरले असते, तर हा अनर्थ टळता. कल्पना जुनीच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या शिळाछापखान्यात प्रत्येक रंगासाठी निराळा दगड असे. ठशांवर ठसे उमटून चित्र पुरे होई. तेथे छापल्यावर रंग एकजीव होत. संगणकावरील थर मात्र काचेच्या तावदानांप्रमाणे सुटेच राहतात. 'फोटोशॉप'मध्ये ही सोय १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत आली.

मूळ चित्र तळाशी ठेवून त्यास कुलूप लावावे. वर कोरा थर घेऊन भेगा त्यावरच बुजवाव्यात, उजेडासाठी निराळा थर घ्यावा. व्रण चुकून पुसला गेला, तर तेवढाच भाग वरच्या थरातून खोडावा. खालचा व्रण जागीच असतो. अक्षरेही स्वतंत्र थरावर हवीत. आपल्या सीमाभागात एकच जाहिरात मराठीत व कन्नडमध्ये काढावी लागते. अशा वेळी अक्षरांचा थर तेवढा बदलावा.

छापखान्याकडे बहुधा 'जेपेग' प्रत जाते व तीत सारे थर एक होतात. म्हणून मजुरी चुकती करण्यापूर्वी थरांसह 'पीएसडी' प्रत मागून घ्यावी, निदान दुरुस्तीपूर्वीची प्रत तरी. आम्ही दोन्ही मागितल्या नाहीत.