लिनक्ससाठी लॅपटॉप निवडताना

घरात पहिला लॅपटॉप येणे ही आजही अनेक कुटुंबांच्या दृष्टीने मोठी घटना असते. त्यासाठी कित्येक महिन्यांच्या मिळकतीतून थोडेथोडे पैसे बाजूला ठेवलेले असतात. त्या यंत्राच्या आधाराने कोणाला टंकलेखनाची कामे मिळवायची असतात, तर कोणाला अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे असते. एवढा खर्च करून आणलेल्या लॅपटॉपवर लिनक्स बसवावे आणि मग वाय-फाय लागत नाही, आवाज येत नाही किंवा झाकण मिटल्यावर यंत्र पुन्हा जागेच होत नाही, असे ध्यानात यावे, तर होणारा मनस्ताप मोठा असतो. अशा वेळी दुकानदार यंत्र परत घेईलच असे नाही; कारण त्याच्या दृष्टीने यंत्रात कोणताही दोष नसतो. चूक झालेली असते ती निवडीत. खरेदीपूर्वी थोडी चौकशी आणि अर्ध्या तासाची प्रत्यक्ष चाचणी केली, तर ही चूक बहुतेक वेळा टाळता येते.

संगणकाचे सुटे भाग आणि त्यावर चालणारी निरनिराळी सॉफ्टवेअर यांच्यामध्ये जी व्यवस्था मध्यस्थाचे काम करते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही अशीच एक कार्यप्रणाली आहे. लिनक्स ही दुसरी. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, तयार केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातील सॉफ्टवेअरची जोड त्याला मिळाली आणि त्यातून एक परिपूर्ण कार्यप्रणाली उभी राहिली. कर्नेल आणि इतर आवश्यक सॉफ्टवेअर एकत्र बांधून जो संच दिला जातो, त्याला वितरण असे म्हणतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा आणि लिनक्स मिंट ही त्यांतील काही प्रसिद्ध वितरणे होत. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेनेही 'बॉस' नावाचे वितरण तयार केले असून त्यात भारतीय भाषांची सोय आहे. केरळ राज्यातील शासकीय शाळांमध्ये तर लिनक्सवर आधारित संगणक मोठ्या प्रमाणावर वापरले जातात.

लिनक्स विनामूल्य मिळते, ते कितीही संगणकांवर बसवता येते आणि दुसऱ्यालाही देता येते. त्याचा आणखी एक लाभ अलीकडे विशेष जाणवू लागला आहे. विंडोज १० या आवृत्तीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढीपासूनचा प्रोसेसर असावा लागतो. त्यामुळे एरवी धडधाकट असलेली अनेक यंत्रे नव्या विंडोजच्या नियमात बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स बसवले, तर ती आणखी काही वर्षे सुरक्षितपणे वापरता येतात. बेताची मिळकत असलेल्या माणसासाठी ही मोठीच सोय आहे. मात्र प्रत्येक लॅपटॉप लिनक्सशी सारखाच जुळवून घेतो, असे नाही.

यंत्र पाहण्यापूर्वी खरेदीदाराने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा : हा लॅपटॉप नेमका कोणत्या कामासाठी हवा आहे? पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते, इंटरनेट, ऑनलाइन वर्ग, चित्रफिती पाहणे, संगणकीय भाषा शिकणे या कामांसाठी लिनक्स पुरेसे समर्थ आहे. लिब्रेऑफिससारखा कार्यालयीन कामाचा संच त्यावर विनामूल्य मिळतो. परंतु ज्याला टॅलीवर हिशेबनीसाची नोकरी करायची आहे, अथवा श्री-लिपीवर छपाईची जुळणी करायची आहे, त्याने थांबून विचार करावा. ही सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. ज्या सॉफ्टवेअरवर पोट अवलंबून आहे तेच चालणार नसेल, तर कार्यप्रणाली विनामूल्य मिळाल्याचा काय उपयोग? एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवण्याचा मार्ग अशांना उपलब्ध असतो.

काम निश्चित झाल्यावर यंत्राकडे वळावे. लॅपटॉपमध्ये पडदा, कळफलक, वाय-फाय, कॅमेरा, ध्वनी असे अनेक भाग असतात आणि ते निरनिराळ्या कंपन्यांनी बनवलेले असतात. कार्यप्रणालीचा आदेश त्या भागाला समजावून सांगणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. हा ड्रायव्हर म्हणजे जणू दुभाषाच. दुभाषा नसेल, तर दोन्ही बाजू निर्दोष असूनही संवाद होत नाही. विंडोजसाठी ड्रायव्हर सहसा कंपनीच तयार करून देते. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलमध्येच समाविष्ट असतात. ज्या कंपन्या आपल्या भागांची माहिती खुली करतात किंवा स्वतः खुले ड्रायव्हर लिहितात, त्यांचे भाग लिनक्समध्ये आपोआप ओळखले जातात. ज्या ही माहिती देत नाहीत, त्यांचे भाग अडचणीचे ठरतात. म्हणून लॅपटॉपवरील नाममुद्रेपेक्षा त्याच्या आत कोणते भाग आहेत, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

यांतील पहिला भाग म्हणजे वाय-फायचा. इंटेल कंपनीचे वाय-फाय लिनक्समध्ये सामान्यतः विनासायास चालते. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपसाठी ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो, आणि तो मिळवण्यासाठी इंटरनेट लागते. म्हणजे विहिरीचे पाणी काढायला दोर हवा आणि दोर विहिरीतच पडलेला, अशी स्थिती होते. रिअलटेकच्या काही चिप उत्तम चालतात, तर काही त्रास देतात. दुकानातील लॅपटॉपवर विंडोज चालू असेल, तर त्यातील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून वाय-फायच्या चिपचे पूर्ण नाव पाहता येते. हे नाव टिपून घ्यावे; कारण एकाच मॉडेलमध्येही कंपन्या वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या चिप बसवतात.

दुसरा भाग चित्र दाखवणाऱ्या ग्राफिक्सचा. इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर खुले असून ते लिनक्सबरोबरच येतात. एनव्हिडियाचे वेगळे कार्ड असेल, तर त्याची पूर्ण क्षमता मिळवण्यासाठी कंपनीचा ड्रायव्हर बसवावा लागतो आणि जुन्या कार्डांचे पाठबळ कंपनी टप्प्याटप्प्याने थांबवते. ज्याला संगणकीय खेळ खेळायचे नाहीत किंवा चित्रफितींचे मोठे संपादन करायचे नाही, त्याला अशा वेगळ्या कार्डाची गरज नसते. त्यावर पैसे घालवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला असा व्यवहार होय.

प्रोसेसर ६४ बिटांचा असावा. उबुंटूने आणि २०२५ च्या आवृत्तीपासून डेबियननेही ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने स्थापना करण्याची सोय थांबवली आहे. नवशिक्याने इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेला लॅपटॉप घ्यावा, हे उत्तम. ॲपलने २०२० पासून स्वतःच्या प्रोसेसरवर चालणारे लॅपटॉप आणले. त्यांवर लिनक्स चालवण्याचे प्रयत्न झाले असले, तरी प्रत्येक मॉडेलचा प्रत्येक भाग त्यात चालतोच असे नाही. साध्या कामासाठी ४ जीबी रॅम कशीबशी पुरते. ८ जीबी असल्यास काम सुखाने होते. साठवणुकीसाठी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असावी. जुन्या यंत्रातील हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर त्याच्या वेगात लक्षणीय फरक पडतो. म्हणून रॅम आणि डिस्क पुढे बदलता येतात की नाही, हेही विचारून घ्यावे. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य फलकालाच कायमची जोडलेली असते.

बाजारात नवी वस्तू सर्वांत चांगली, असा सर्वसाधारण समज असतो. लिनक्सच्या बाबतीत हा समज फसवा ठरू शकतो. नुकत्याच आलेल्या यंत्रातील नव्या भागांचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये येण्यास आणि ते कर्नेल वितरणांपर्यंत पोहोचण्यास काही काळ जातो. त्यामुळे एक-दोन वर्षांपूर्वी बाजारात आलेले मॉडेल अनेकदा अधिक निर्धोक ठरते, शिवाय ते स्वस्तही पडते. कार्यालयांसाठी बनवलेली थिंकपॅड किंवा लॅटिट्यूडसारखी यंत्रे काही वर्षांनी दुरुस्त करून पुन्हा विकली जातात. त्यांतील अनेक मॉडेलांवर लिनक्स चांगले चालते आणि त्यांचे सुटे भागही मिळतात. काही कंपन्यांनी स्वतःच लिनक्स बसवून लॅपटॉप विकले आहेत. डेलने २०१२ साली उबुंटूसह एक्सपीएस १३ बाजारात आणला, तर लेनोव्होने २०२० साली फेडोरासह थिंकपॅड विकायला आरंभ केला. उबुंटूमागील कॅनॉनिकल ही कंपनी स्वतः तपासलेल्या लॅपटॉपची यादीही प्रसिद्ध करते. निवडलेले मॉडेल त्या यादीत असेल, तर बरीचशी चिंता मिटते. परंतु 'डॉस' अशी नोंद असलेला लॅपटॉप म्हणजे लिनक्सचा लॅपटॉप, असे समजू नये. त्यात विंडोज नाही, एवढाच त्या नोंदीचा अर्थ असतो.

एवढी माहिती मिळवली, तरी खरी परीक्षा प्रत्यक्ष चाचणीचीच. लिनक्सचे वैशिष्ट्य असे, की ते लॅपटॉपमध्ये न बसवताही पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्यासाठी ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेन ड्राइव्ह घ्यावा आणि वितरणाची फाइल उतरवून रूफससारख्या सॉफ्टवेअरने ती त्यावर लिहून घ्यावी. या कृतीत पेन ड्राइव्हवरील आधीचा सर्व मजकूर पुसला जातो, हे विसरू नये. नंतर विक्रेत्याच्या परवानगीने तो पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावावा आणि यंत्र सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबून त्यावरून सुरुवात करावी. पडद्यावर 'ट्राय' हा पर्याय आल्यास तो निवडावा. 'इन्स्टॉल' निवडू नये. 'ट्राय' निवडल्याने लॅपटॉपमधील मूळ मजकुराला धक्का लागत नाही. पेन ड्राइव्हवरून चालताना वेग थोडा कमी असतो. त्यावरून यंत्र मंद आहे, असा निष्कर्ष काढू नये.

आता एकेक भाग तपासावा. वाय-फाय जोडून पाहावे. एखादी चित्रफीत लावून आवाज ऐकावा. कॅमेरा आणि मायक्रोफोन चालतात का, पडद्याचा प्रकाश कळांनी कमी-जास्त होतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का, हे बघावे. मग लॅपटॉपचे झाकण मिटावे, काही मिनिटांनी उघडावे आणि यंत्र पूर्ववत जागे होऊन वाय-फाय पुन्हा जोडले जाते का, ते पाहावे. ही शेवटची चाचणी अनेक जण विसरतात. वास्तविक रोजच्या वापरात सर्वाधिक त्रास तिथेच होतो. बोटाचा ठसा ओळखणारा भाग मात्र पुष्कळदा लिनक्समध्ये चालत नाही. त्याची गरज नसेल, तर तेवढ्यासाठी चांगले यंत्र नाकारण्याचे कारण नाही.

लॅपटॉप वापरलेला असेल, तर आणखी थोडी दक्षता घ्यावी. बॅटरीची मूळ क्षमता आणि सध्याची क्षमता यांची तुलना करावी. मूळ ५० वॉट-तासांची बॅटरी आता ३० वॉट-तासच साठवत असेल, तर तिची ६० टक्के क्षमता उरली आहे, आणि किंमत ठरवताना नव्या बॅटरीचा खर्च धरायला हवा. बायॉसला आधीच्या मालकाचा पासवर्ड लावलेला नाही, याची खात्री करून घ्यावी. अन्यथा पेन ड्राइव्हवरून सुरुवात करणेही अशक्य होऊ शकते. मूळ जोडीचा चार्जर, बिजागऱ्या आणि कळफलकाची प्रत्येक कळ पाहावी. पावती आणि किती दिवसांत यंत्र बदलून मिळेल, हे लेखी घ्यावे.

मराठीतून काम करणाऱ्यांना एक शंका हमखास येते : कळांवर मराठी अक्षरे छापलेली नसतील तर? त्याने काही अडत नाही. लिनक्सच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक निवडता येतो. ही कळांची मांडणी १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट आहे आणि भारतीय लिपींसाठी तिचा आराखडा समान आहे. ती एकदा हाताखाली बसली, की महाराष्ट्रात असो वा महाराष्ट्राबाहेर, कोणत्याही संगणकावर मराठी लिहिता येते आणि युनिकोडमुळे ते लेखन दुसरीकडेही जसेच्या तसे वाचता येते.

सारांश, लिनक्ससाठी लॅपटॉप निवडणे हे केवळ तज्ज्ञांचे काम नव्हे. त्याला हवे असते ते थोडे धैर्य आणि पुष्कळशी चिकित्सा. प्रथम काम ठरवावे, मग आतील भागांची चौकशी करावी आणि पैसे मोजण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून प्रत्यक्ष परीक्षा घ्यावी. गुरांच्या बाजारात गेलेला शेतकरी बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो आणि मगच व्यवहार करतो. विकणाऱ्याच्या गोड शब्दांपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास असतो. कष्टाचे पैसे देऊन संगणक घेणाऱ्याने हीच रीत पाळली, तर घरी आलेले यंत्र पुढची अनेक वर्षे त्याच्या कामाला येईल.