वाख आणि प्लॅस्टिक यांचे सूत जुळते कसे?

विद्यार्थी मित्रांनो, आरंभीच एक सोपा प्रयोग करू. अकोला जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी तेल्हारा तालुका आहे. तिथल्या मुलांना या प्रयोगाचे साहित्य शोधायला लांब जावे लागणार नाही. वेचणीच्या दिवसांत तिथे घरोघरी कापूस आलेला असतो. त्यातले एक बोंड घ्या, सरकी काढून टाका आणि कापसाचा लहानसा पुंजका करा. तेवढाच दुसरा पुंजका औषधाच्या दुकानातील, जखम पुसण्याच्या कापसाचा घ्या. दोन पेल्यांत पाणी भरून त्यावर एकेक पुंजका अलगद सोडा.

काय दिसते? दुकानातला कापूस काही सेकंदांत भिजून तळाशी जातो. शेतातला कापूस मात्र बराच वेळ पाण्यावर तरंगत राहतो.

दोन्ही कापूसच, मग हा फरक कशामुळे? शेतातल्या कापसाच्या प्रत्येक तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. तंतूच्या वजनाच्या तो जेमतेम अर्धा ते एक टक्का भरतो. औषधी कापूस तयार करताना तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून हा थर काढून टाकतात. म्हणजे एवढ्याशा थराने तंतूचे पाण्याशी असलेले नाते पार बदलते! तंतू कोणाशी सख्य करील, हे त्याच्या पृष्ठभागावर ठरते. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण आपल्या आजच्या विषयाची किल्ली हीच आहे.

कुटाराची भिंत आणि वाखाचे प्लॅस्टिक

वऱ्हाडातील जुन्या घरांच्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील. पांढऱ्या मातीत कुटार कालवून त्या बांधलेल्या असतात. नुसती माती वाळताना तडकते, नुसत्या कुटाराची भिंत उभीच राहत नाही. दोन्ही एकत्र आली की भिंत वर्षानुवर्षे टिकते. दोन भिन्न पदार्थ एकत्र आणून दोघांहून सरस असा जो पदार्थ तयार करतात, त्याला संमिश्र पदार्थ म्हणतात.

आता मातीच्या जागी प्लॅस्टिक आणि कुटाराच्या जागी अंबाडीचा वाख घ्या. अंबाडीची ताटे पाण्यात कुजवून साल सोलली की लांब, चिवट तंतू निघतात. तोच वाख. बैलांचे दोर आणि कासरे याचेच वळत. प्लॅस्टिकमध्ये बळकटीसाठी बहुधा काचेचे तंतू घालतात. काचतंतूची घनता पाण्याच्या सुमारे अडीच पट असते, तर वनस्पतितंतूची सुमारे दीडपट. शिवाय वाख शेतात दरवर्षी पिकतो. वजन कमी म्हणजे मोटारीला इंधन कमी. म्हणूनच जपानमधील टोयोटा मोटारींच्या दारांच्या आतल्या तक्त्यांत आपल्या अंबाडीच्याच जातीचे तंतू वापरले गेले आहेत.

मग वाख कापून वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये कालवला की झाले, असे तुम्हाला वाटेल. परंतु असे केल्यास हाती येणारा पदार्थ पुष्कळदा निराशा करतो. त्याचे कारण पाहू.

पकड सुटली की सारे सुटले

तुम्ही रस्सीखेच खेळला आहात. दोर कितीही मजबूत असो, तुमच्या मुठीतून तो निसटत असेल तर त्या मजबुतीचा उपयोग काय? संमिश्र पदार्थाचेही तसेच आहे. ओढ प्रथम प्लॅस्टिकवर येते. प्लॅस्टिकने ती तंतूकडे सोपवायची असते, आणि हे काम दोघांच्या सांध्यावर होते. सांधा कच्चा असेल तर तंतू न तुटता प्लॅस्टिकमधून सरकन् बाहेर येतो. अशा वेळी तंतू आधार न ठरता उलट ठिकठिकाणचे भोक ठरतो!

हा सांधा कच्चा का राहतो? तंतूचा मुख्य घटक सेल्युलोज. त्याच्या रेणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या जोडीचे, म्हणजे हायड्रॉक्सिल गट जागोजागी असतात. पाण्याला हे गट फार आवडतात. म्हणूनच सुती कापड घाम टिपते आणि ओले व्हायला वेळ लावत नाही. उलट पॉलिप्रॉपिलीन हे प्लॅस्टिक केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांब साखळ्यांचे असते, मेणबत्तीच्या मेणासारखेच. प्लॅस्टिकच्या बादलीवर पाण्याचा थेंब टाका. तो पसरत नाही, गोल होऊन बसतो. एक पाण्याचा सोबती, दुसरा तेलाच्या गोत्रातला. दोघांचे सूत जुळायचे कसे?

सगळ्याच प्लॅस्टिकांची अशी अडचण नसते. बेकलंडने गेल्या शतकाच्या आरंभी शोधलेल्या बॅकेलाइटमध्ये लाकडाचा भुसा सहज सामावे, कारण बॅकेलाइटच्या रेणूंवरही हायड्रॉक्सिल गट आहेत. पूर्व जर्मनीतील ट्रबांट मोटारीच्या बाहेरच्या तक्त्यांत याच जातीच्या रेझिनमध्ये टाकाऊ कापसाचे तंतू दाबलेले असत. 1957 ते 1991 या काळात अशा सुमारे 30 लाख मोटारी निघाल्या. परंतु असे रेझिन एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, हलके आणि पुन्हा वितळवता येणारे आहे. ते सुमारे 165 अंश सेल्सिअसला वितळते, आणि वाख तर 200 अंशांच्या पुढे करपू लागतो. म्हणजे तापमानाच्या दृष्टीने जोडी उत्तम, अडचण फक्त पृष्ठभागाची.

पहिला उपाय : अंघोळ

आता आपला कापसाचा प्रयोग आठवा. मेण आणि प्लॅस्टिक एकाच गोत्राचे, मग तंतूवरचे मेण तर उपयोगीच पडेल, अशी शंका कोणी हुशार विद्यार्थी काढील. शंका रास्त आहे. परंतु हे मेण तंतूला घट्ट चिकटलेले नसते. धुळीच्या भिंतीवर रंग लावला तर रंग धुळीला चिकटतो आणि धुळीसकट पोपडे निघतात. तसेच येथे होते.

म्हणून वाख सौम्य कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात बुडवून ठेवतात आणि मग पुष्कळ पाण्याने धुतात. वरचे मेण व इतर सैल द्रव्ये निघून जातात, जुडग्यातले तंतू सुटे होतात आणि त्यांची पाठ खरखरीत बनते. त्या खाचाखोचांत प्लॅस्टिक शिरून अडकते. अल्कलीने सुताचे गुण पालटतात, हे इंग्लंडच्या जॉन मर्सरने 1844 च्या सुमारास प्रथम पाहिले. मर्सराइज्ड सूत हे नाव त्याच्यावरूनच पडले. द्रावण फार तीव्र झाले तर मात्र तंतूच कमजोर होतो. (कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजतो. हा प्रयोग घरी करू नका.)

दुसरा उपाय : मध्यस्थ

अंघोळीने अर्धेच काम होते. तंतू स्वच्छ झाला तरी त्याची पाण्याची ओढ कायमच. येथे मध्यस्थ लागतो. साबण तेल आणि पाणी यांचा मेळ घालतो, कारण त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धार्जिणे, दुसरे तेलाला. तसाच दोन टोकांचा मध्यस्थ रसायनशास्त्रज्ञांनी तयार केला. पॉलिप्रॉपिलीनच्याच साखळीवर मॅलेइक अॅनहायड्राइड या संयुगाचे थोडे गट त्यांनी कलम केले, आंब्याचे कलम करावे तसे!

हे गट तंतूवरील हायड्रॉक्सिल गटांशी संयोग पावून एस्टरचा पक्का बंध जोडतात. उरलेली लांब साखळी शेजारच्या प्लॅस्टिकच्या साखळ्यांत गुंतून बसते, कारण ती त्यांच्याच जातीची असते. एका हाताने वाख, दुसऱ्या हाताने प्लॅस्टिक! असा मध्यस्थ 100 भागांत 2 ते 5 भाग घातला तरी पुरतो.

याचा आणखी एक लाभ आहे. पावसाळ्यात लाकडी दार फुगते, हे तुम्हाला ठाऊक आहे. कच्च्या सांध्यातून पाणी आत शिरले की वाखही फुगतो, वाळला की आकसतो, आणि सांध्यात फट पडते. सांधा पक्का असला म्हणजे पाण्याची ही वाट बरीचशी बंद होते.

सांधा जमला की नाही, हे कसे ओळखतात? नमुना मोडून त्याची मोडलेली बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गुळगुळीत भोके आणि उघडे तंतू दिसले तर पकड कच्ची. तंतू जागच्या जागी तुटलेले आणि त्यांना प्लॅस्टिक चिकटलेले दिसले तर पकड पक्की. पण पकड अतिघट्ट झाली तर पदार्थ ठिसूळ बनू शकतो. तंतू किंचित सरकण्यात धक्क्याची शक्ती जिरत असते, हेही विसरून चालत नाही.

पऱ्हाटीचे काय?

कापूस निघाल्यावर शेतात पऱ्हाटी उरते, हेक्टरी साधारण 2 ते 3 टन. थोडी चुलीत जाते, बरीचशी बांधावर जाळली जाते. तशीच उभी ठेवली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. मुंबईत माटुंगा येथे 1924 साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान संस्थेने पऱ्हाटीचे तुकडे रेझिनने जोडून फळ्या बनवण्याची रीत बसवली आहे. अडचण अशी की पऱ्हाटी वजनाला हलकी पण आकाराने अवजड. ती गोळा करून वाहून नेण्यातच पैसा जातो. म्हणून कारखाना शेताजवळ हवा आणि तिच्यापासून बनणारी वस्तू चांगल्या भावाची हवी. पकड सुधारली तर प्लॅस्टिकच्या संमिश्रांतही पऱ्हाटीला जागा मिळेल. मात्र असे संमिश्र मातीत टाकले तरी त्यातले प्लॅस्टिक कुजत नाही. तंतू झाडाचा म्हणून सारी वस्तू निसर्गाची होत नाही.

तेव्हा मित्रांनो, कापसाचा प्रयोग अवश्य करून पाहा. नंतर शेतातला कापूस साबणाच्या गरम पाण्यात धुऊन, वाळवून पुन्हा पाण्यावर सोडा. आता तो किती वेळात बुडतो? घड्याळ लावून नोंद करा आणि वर्गात गुरुजींना दाखवा. एका पातळ थराचा हा हिशेब ज्याला नीट मांडता येईल, त्याला उद्या बांधावरच्या पऱ्हाटीचेही मोल कळेल.